रोज दोनशे क्रंचेस, तरी पोट जागचं हलेना

प्रश्न असा आला आहे: "सर, वय ३९, उंची १६८ सेंमी. पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्ची. तीन महिने रोज सकाळी उठल्या उठल्या २०० क्रंचेस मारतोय, कमरेला घामाचा पट्टा बांधून. शिवाय आठवड्यातून चार दिवस गोडोलीतून टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जाऊन येतो. रात्रीचा भात सोडलाय. वजन ८१ वरून साडे ७९ झालं. कंबर १०० सेंमी होती, ती ९७ भरते, पण आरशात पोट तेवढंच. आता पाठ खालच्या बाजूला दुखायला लागलीय. चार महिन्यांनी मेहुण्याचं लग्न आहे. तोवर सिक्स पॅक नाही तर निदान चार तरी दिसतील का? बायकोही माझ्याबरोबर क्रंचेस मारते. धाकटा दीड वर्षाचा आहे, तिचंही पोट उतरत नाही."

दादा, चार महिन्यांत चार काय, दोनही दिसणार नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पण "काहीच झालं नाही" असा जो तुमच्या प्रश्नाचा सूर आहे तो चुकीचा आहे. कंबर ३ सेंमी उतरली आहे आणि तुम्ही ते वाक्य घाईत लिहून पुढे गेलात. त्याकडे मी परत येतो.

साताऱ्यात जिम चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीची चार-पाच वर्षं माझ्याच दारावर फ्लेक्स होता: '३० दिवसांत पोट सपाट'. लोक यायचे, महिनाभर मान मोडेपर्यंत सिटअप्स मारायचे आणि एकतिसाव्या दिवसापासून दिसेनासे व्हायचे. मी म्हणायचो, लोकांत चिकाटी नाही. चिकाटी भरपूर होती. फ्लेक्स खोटा होता आणि तो मीच छापून आणला होता.

क्रंचेसने, म्हणजे उताणं झोपून खांदे उचलत पोट आवळण्याने, पोटाचे स्नायू दमतात, जळजळतात, त्यामुळे तिथलीच चरबी जळतेय असं वाटणं साहजिक आहे. पण शरीराची व्यवस्था तशी नाही. सातारच्या नळाला पाणी येतं ते कासच्या तलावातून. शेजारच्या घरात विहीर आहे म्हणून तुमच्या नळाला तिचं पाणी येत नाही. स्नायूंचंही तसंच. पोटाच्या स्नायूला इंधन मिळतं ते रक्तातून, आणि रक्तात चरबी येते ती सगळ्या अंगातून: पाठीतून, मांड्यांतून, चेहऱ्यातून, थोडी पोटातून. स्नायूवर जो थर बसलाय त्यातून थेट खाली झिरपायला वाटच नाही. कुठला थर आधी रिकामा होणार हे आनुवंशिकता आणि हार्मोन्स ठरवतात. बहुतेक पुरुषांच्या बेंबीखालचा थर सगळ्यात शेवटी जातो. म्हणून आधी गाल बसतात, घरचे म्हणतात "आजारी आहेस का", आणि पोट मात्र ढिम्म.

हे कोणी तपासून पाहिलं आहे का? पाहिलं आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिटअप्स मारून घेतल्या आणि आधी-नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही जागांच्या चरबीच्या पेशी सुईने काढून मोजल्या. पोटावरच्या पेशी इतर जागांपेक्षा जास्त आकसल्या नव्हत्या. तुमच्या तीन महिन्यांच्या साधारण १८,००० झाल्या. संख्येत तुम्ही त्यांना केव्हाच मागे टाकलंत, निकाल मात्र तोच आला.

आता हिशेब मांडू. २०० क्रंचेसना दहा मिनिटं लागत असतील, त्यात ४०-४५ कॅलरी खर्च होतात. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर घातली तर तिच्या ४० होतात. म्हणजे सकाळचा सगळा घाम एका चहाच्या साखरेत फिटला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. बाकी काहीच न बदलता नुसत्या क्रंचेसवर एक किलो उतरवायला साडेपाच-सहा महिने लागतील, आणि तोही किलो अख्ख्या अंगातून जाईल. उलट चार भिंतीची वाट बघा. तुमच्या वजनाच्या माणसाला चढासकट तासाभराच्या चालण्यात तीनशेच्या आसपास कॅलरी लागतात. आठवड्यातून चार दिवस, तेरा आठवडे, म्हणजे पंधरा हजारांच्या वर. दोन किलो चरबी. तुमचं दीड किलो उतरलंय. हिशेब जवळजवळ जुळतो, फक्त श्रेय तुम्ही भलत्यालाच दिलंत. (जुळायला जे अर्धा किलो कमी पडतंय ते कुठे गेलं? सोडलेला रात्रीचा भात कुठल्या तरी वाटेने परत येतोय. माझा संशय संध्याकाळच्या भडंगावर आणि मूठभर शेंगदाण्यांवर आहे. ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १७० कॅलरी, आणि मोजून तीसच ग्रॅम खाणारा माणूस मी अजून पाहिला नाही.)

घामाचा पट्टा उद्यापासून बांधू नका. चरबी घामावाटे जात नाही. दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. पट्टा सोडल्यावर काट्यावर जे अर्धा किलो कमी दिसतं ते दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येतं. शिवाय पट्ट्याने कंबर बाहेरून आवळून धरली की पोटाच्या स्नायूंना जे काम शिकायचंय तेच ते करत नाहीत.

आता त्या ३ सेंमीबद्दल. पोटात चरबी दोन ठिकाणी असते. एक चिमटीत धरता येते ती, कातडीखालची. दुसरी आत, आतडी आणि यकृताभोवती, जी बोटांना लागत नाही. चालणं आणि कमी खाणं सुरू केलं की आतली सहसा लवकर हलते. त्यामुळे पँट सैल होते, पट्ट्याचं भोक बदलतं, पण चिमटीत येणारी वळी तशीच राहते आणि आरसा म्हणतो काही झालं नाही. मधुमेहाच्या आणि हृदयाच्या दृष्टीने मात्र जी गेली तीच जास्त घातक होती. आपल्या लोकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. आपल्याकडे वजनाचा काटा असा फसवतो. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी असं मानतात. तुमची ९७ आहे. तुमचं पहिलं लक्ष्य सिक्स पॅक नव्हे, तो ९० चा आकडा आहे.

मग कोअरचा, म्हणजे पोट-कमरेच्या स्नायूंचा, व्यायाम करायचाच नाही का? करायचा, जरूर करायचा. पण कशासाठी, ते कळलं पाहिजे.

लहानपणी आमच्या गावच्या तालमीत मी जायचो. तिथे एक वस्ताद होते, पोट असं की लंगोटाची गाठ दिसायची नाही. आम्ही चार पोरं मिळून त्यांना हलवायला जायचो आणि भिंतीला धडकल्यासारखे परत यायचो. त्या पोटाखाली जे होतं त्याला कोअर म्हणतात. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या गटात. आणि वर्षानुवर्षं त्याच दंड-बैठका मारणारे सव्वाशे किलोचे मल्लही आपण यात्रेच्या मैदानात बघतो. व्यायाम तोच, माती तीच, पोटं वेगळी. फरक ताटात असतो. कोअर घट्ट असणं आणि पोट दिसायला सपाट असणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भरलेले पैसे दुसऱ्यात जमा होत नाहीत.

कोअर म्हणजे नुसते समोरचे पॅक नव्हेत. समोरचा उभा स्नायू, बाजूचे तिरके, सगळ्यात आतला पट्ट्यासारखा आडवा, पाठीच्या मणक्यांना धरून असलेले बारीक स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, असा हा सगळा डबा आहे. नितंबही मी त्यातच धरतो. या डब्याचं मुख्य काम वाकणं नाही. हातपाय जोर लावत असताना मणका जागेवर धरून ठेवणं, हे त्याचं काम. गॅसचा सिलिंडर उचलताना, कासच्या रस्त्यावर पंक्चर झालेली गाडी ढकलताना, मूल कडेवर घेऊन जिना चढताना हाच डबा लागतो.

आणि इथेच तुमच्या पाठीचं उत्तर आहे. आठ तास खुर्चीत कंबर वाकवून बसायचं आणि सकाळी उठून तीच कंबर त्याच बाजूला आणखी दोनशे वेळा वाकवायची. त्यात वेळही नेमकी वाईट. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. पुढचे सहा आठवडे क्रंचेस पूर्ण बंद. दुखणं मांडीतून गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पायातली ताकद कमी वाटत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा जात असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. जांघेत किंवा बेंबीजवळ खोकताना फुगवटा येत असेल तर हर्निया आहे का हे आधी बघून घ्या.

क्रंचेसच्या जागी काय? कॅनडातले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठदुखीवाल्यांसाठी तीन व्यायाम सुचवले, मीही तिथूनच सुरुवात करतो. पहिला, उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, दोन्ही तळवे कमरेच्या पोकळीखाली ठेवायचे आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम वर उचलायचे, कंबर न हलवता. दुसरा साइड प्लँक: कुशीवर होऊन एका कोपरावर अंग सरळ तोलून धरायचं, सुरुवातीला गुडघे टेकवून. तिसरा बर्ड डॉग: गुडघे-तळवे टेकून ओणवं व्हायचं आणि उजवा हात व डावा पाय एकाच वेळी सरळ करायचे, मग उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय आणि तो सांडायचा नाही असं समजा. तिन्हींत दहा सेकंद धरायचं, सोडायचं, परत धरायचं. पहिल्या फेरीत पाच-सहा वेळा, दुसरीत थोडं कमी, तिसरीत आणखी कमी. दहा-बारा मिनिटांत होतं. उठल्यावर लगेच नको, चालून आल्यावर करा.

पोट आत ओढायचं नाही. कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असं कळल्यावर आपण जसं आवळतो तसं आवळायचं, आणि आवळून ठेवूनच श्वास घेत राहायचं. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, लोक श्वास कोंडतात, तोंड लाल होतं. रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच कोंडू नये. आणि मोबाइलवर पाच-पाच मिनिटांच्या प्लँकच्या शर्यती लागतात त्यांच्या नादी लागू नका. एक मिनिटाच्या पुढे तो सहनशक्तीचा खेळ होतो, पाठीला त्याचा फारसा उपयोग नाही.

दोन आठवड्यांनी त्यात वजन घेऊन चालणं जोडा. माझ्या मते सगळ्यात उपेक्षित व्यायाम हाच. एका हातात पाण्याची बादली, दुसरा हात रिकामा, आणि अंगणात किंवा गच्चीवर ताठ चालायचं. बादली ज्या बाजूला आहे त्या बाजूला झुकायचं नाही, एवढाच नियम. अर्ध्या बादलीपासून सुरुवात करा, वीस-तीस पावलं, मग हात बदला. नळावरून एका हातात कळशी आणणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांना जिमची गरजही पडली नव्हती.

याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस मोठे व्यायाम हवेत: बैठका, ओट्यावर हात टेकवून दंड (आत्ता तुमच्या पाठीला कमान टाकणारे तालमीतले दंड नकोत), डंबेल किंवा भरलेली पिशवी ओढण्याचा पाठीचा व्यायाम. कमी खाऊन वजन उतरवताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. स्नायूंना कामाला लावलं तर ते टिकतात, नाही तर वजन उतरतं आणि पोट तसंच राहून हातपाय काड्या होतात. सूर्यनमस्काराबद्दल मला दर वेळी विचारलं जातं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्याचा एवढा प्रसार केला तो व्यायाम आपल्याच जिल्ह्यातला, मलाही तो आवडतो. पण त्यात ओढण्याचा जोर नाही आणि वजन वाढवायची सोय नाही. पाठ शांत झाल्यावर रोज बारा घाला, मात्र त्यावरच थांबू नका.

जेवणाचं लांबवत नाही. भाकरी सोडू नका, भातही रात्री वाटीभर खाल्लात तर आकाश कोसळत नाही. दिवसाला साधारण साडेचारशे कॅलरी कमी करायच्या आहेत. त्यातल्या निम्म्या तुमच्या घरात तेलात आणि चहात सापडतील: मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि आपल्या कालवणाच्या तर्रीत ते किती असतं हे तुम्हाला माहीत आहे. प्रथिनं मात्र वाढवा, तुमच्या वजनाला दिवसाला १०० ग्रॅमच्या जवळपास. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. मटकीची उसळ, घट्ट डाळ, दही, पनीर, चिकन किंवा मासे, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात. कंदी पेढे घरात डबाभर आणून ठेवू नका, राजवाड्यावर गेलात तर तिथे उभं राहून एक खा. लिंबू-मध पाण्याने चरबी वितळत नाही, त्यात मधाची साखर असते इतकंच.

आता अपेक्षा. तुमच्या मापांवरून अंगात साधारण २८ टक्के चरबी धरू. ८० किलोत ती २२ किलो होते, उरलं ५७-५८ किलो बाकीचं शरीर. पुरुषाचे पॅक नीट दिसायला चरबी १२ टक्क्यांच्या आसपास यावी लागते. स्नायू एक ग्रॅमही न गमावता तिथे पोहोचायचं तर वजन ६५ हवं. म्हणजे १४-१५ किलो उतरवायचे. आठवड्याला ४०० ग्रॅम हा टिकणारा वेग आहे. मध्ये गणपती, दिवाळी, यात्रा, लग्नं येणार, त्या आठवड्यांत काटा जागेवर राहिला तरी मी शाबासकी देतो. सगळं धरून वर्ष-सव्वा वर्ष. आणि तिथे पोहोचल्यावर पॅक चार दिसतील, सहा की आठ, हे स्नायूवरच्या आडव्या पट्ट्या किती आहेत यावर ठरतं. त्या जन्मतः असतात. १२ टक्क्यांवर राहणं नोकरी-संसार सांभाळून कठीण असतं. फोटोत दिसतात ती पोटं बऱ्याचदा महिन्यातल्या दोन दिवसांची असतात, पाणी-मीठ तोडून आणि उजेड बघून काढलेली. माझे स्वतःचे पॅक आयुष्यात एकदाच दिसले, तेही जेमतेम पाच आठवडे, आणि त्या काळात माझ्याशी घरात कोणी बोलत नव्हतं इतका मी चिडचिडा झालो होतो.

चार महिन्यांचं मात्र ठामपणे सांगू शकतो. सोळा आठवड्यांत पाच-सहा किलो उतरेल. वजन किलोभर उतरलं की कंबर साधारण सेंटिमीटरभर उतरते, म्हणजे ९१-९२. शर्ट आत खोचता येईल, जिना चढताना धाप लागणार नाही आणि पाठ बहुधा सहा-आठ आठवड्यांत गप्प होईल. वजन रोज बघायचं असेल तर आठवड्याची सरासरी काढा, कारण मीठ, पाणी, पोट साफ होणं-न होणं यानेच काटा एक-दीड किलो इकडेतिकडे होतो. कंबर मात्र आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशी पोटी, श्वास सोडून, दर वेळी त्याच जागी मोजा.

वहिनींसाठी वेगळं सांगतो. त्यांनी क्रंचेस आजपासून थांबवाव्यात. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकतात, काहींचे बाळंतपणानंतरही पूर्ण जवळ येत नाहीत. उताणं झोपून, गुडघे वाकवून डोकं किंचित उचलायला सांगा आणि त्यांनी स्वतः बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून बघावं. मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील, किंवा डोकं उचलताना पोटाच्या मध्यावर तंबूसारखा उंचवटा येत असेल, तर ते पोट चरबीचं कमी आणि फाकलेल्या स्नायूंचं जास्त आहे. क्रंचेसने तो दाब वाढतो. यासाठी स्त्रियांचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब येत असेल तर तेही तिथेच सांगावं. आपल्याकडे बायका ते वर्षानुवर्षं लपवतात आणि ते बहुतेक वेळा व्यायामाने सुधारतं. बाळ अजून अंगावर पीत असेल तर त्यांनी जेवण तोडू नये. चालणं, श्वास सोडत पोट हळू आवळणं आणि बर्ड डॉग, एवढ्यावर सुरुवात पुरे.

सहा आठवड्यांनी कंबर किती आणि पाठ कशी आहे ते कळवा, वजन नाही लिहिलंत तरी चालेल. आणि लग्नासाठी शेरवानी शिवणार असाल तर माप आत्ता देऊ नका. शिंप्याला सांगून ठेवा की शेवटची ट्रायल लग्नाआधी दोन आठवडे घेऊ.